निवांत बसण्याचा तक्ता

मुलीने फोटो पाठवला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. फोटोत एक दगडी घर, निळ्या खिडक्या, दारात अक्रोडाचं झाड आणि कुंपणापलीकडे एक पांढरी गाय. खाली लिहिलं होतं, ‘आई, सात दिवस. इथे काहीच करायचं नाही.’ मी त्या फोटोकडे इतका वेळ बघत बसले की समोरचा पालक घाबरला. म्हणाला, “मॅडम, जन्मतारखेत काही लफडं आहे का?”

मुलगी फ्रान्समध्ये शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. आता तिने आम्हा नवराबायकोसाठी तिथल्या एका खेड्यात आठवडाभर घर घेतलं होतं. ती स्वतःही रजा काढून आमच्याबरोबर राहणार होती. कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत युरोपला जाऊन आलेले पुष्कळ आहेत. पण ते सगळे मनोऱ्यापुढे उभे राहून फोटो काढून आलेले. तिथल्या खेड्यात जाऊन बसायला निघालेले आम्ही पहिलेच.

आम्ही याआधी फिरलो नाही असं नाही. केरळ झालं, राजस्थान झालं. पण ते सगळं ‘सहा-सात-आठ’. म्हणजे सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. राजस्थानात मी पाच किल्ले पाहिले आणि आज त्यातला एकही दुसऱ्यापासून वेगळा सांगता येत नाही. परत आल्यावर मला दोन दिवस सलाईन लावलं होतं. त्यालाही घरात ‘ट्रिप मस्त झाली’ असंच म्हणतात.

म्हणून मला त्या घराचं वेड लागलं. खरं सांगायचं तर घराचंही नाही, गाईचंही नाही. मला सात सकाळी अशा हव्या होत्या की कुणी मला ‘आज काय करायचं?’ असं विचारणार नाही. अठ्ठावीस वर्षं मी पाचला उठते. दोन डबे, मग सासूबाईंची मऊ भाकरी, मग शाळा, संध्याकाळी आल्यावर पुन्हा तेच. चुलीला सुद्धा एकादशीला सुट्टी असते म्हणावं, तर आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याचं जास्तीचं काम निघतं. माझी मागणी मोठी नव्हती. सात दिवस ओट्याकडे पाठ.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलीने घर आतून दाखवायला घेतलं. मालकिणीने व्हिडिओ पाठवला होता. जिना, पलंग, शेकोटीची जागा. आमचे हे चष्मा कपाळावर चढवून बघत होते. हे तुर्भ्याच्या एका कंपनीत तीस वर्षं शिफ्ट सुपरवायझर होते, आता रिटायर झालेत, पण नजर अजून मशीन बंद का आहे ते शोधणारीच. तेवढ्यात स्क्रीनवर एक मोठं टेबल आणि चार शेगड्यांचा ओटा आला.

“किचन आहे?” हे ओरडले. “अगं, मग टेन्शनच मिटलं!”

मिटलं ते कुणाचं, हे मला तिथेच कळलं.

त्या दिवसापासून घरात जो उत्साह आला तो विचारू नका. रोज नवा शोध. तिथे दूध ताजं मिळणार म्हणजे खरवस होईल का? पालेभाजी मिळाली नाही तर डाळी न्याव्यात. कांदा-लसूण मसाला घ्यायचाच, साताऱ्याचा माणूस त्याच्याशिवाय विमानात तरी कसा बसेल! यांच्या डोळ्यांपुढे एक चित्र तयार झालं होतं. अक्रोडाखाली खुर्ची, समोर हिरवी टेकडी, मांडीवर ताट आणि ताटात गरम भाकरी. ती भाकरी तव्यावरून ताटात कोण आणतंय, हे त्या चित्रात नव्हतं.

मी बोलले नाही असं नाही. तीनदा बोलले. पहिल्यांदा म्हटलं, “मी तिथे स्वयंपाक करणार नाही.” त्यावर सगळे हसले. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा हे म्हणाले, “मग मी काय खाऊ, गवत?” तिसऱ्यांदा मुलगी मदतीला आली. म्हणाली, “बाबा, तिथली बेकरी इतकी भारी आहे ना, बाहेरूनच आणू.” त्यावर हे म्हणाले, “रोज पाव कोण खाणार?” हे बोलणाऱ्या माणसाने तीस वर्षं तुर्भे स्टेशनबाहेर रोज वडापाव खाल्लेला आहे.

माणूस वाईट नाही. अठ्ठावीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नाही. चहाही चढवला नाही.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, आमच्याकडे तशी पद्धत आहे. आत्यांना या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट कळेना. “खेड्यात जाऊन आराम?” त्या अडकित्त्याने सुपारी कातरत म्हणाल्या. “गावाला जाऊन कुनी आराम करतं व्हय?” त्यांचंही बरोबर होतं. आमच्याकडे गावाला जायचं म्हणजे शेंगा काढायला जायचं, नाहीतर जत्रेला. जत्रेला गेलं की बाप्ये पारावर आणि बाया चुलीपुढे. एका जत्रेत मी आणि चुलत जावेने मिळून किती भाकऱ्या थापल्या त्याची गणती नाही, मनगटं मात्र अजून लक्षात ठेवून आहेत.

“त्यांच्या शेतावर राहायचं आन काम नाय करायचं?” आत्यांनी विचारलं.

“नाही आत्या. नुसतं बसायचं.”

“आन खायाला?”

माझ्याआधी हे बोलले, “किचन आहे ना!” आत्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला वाटलं, माझी खोड काढायला काहीतरी शोधतायत. आमचं दोघींचं तसं आहे. त्या माझ्या आमटीला पाणचट म्हणतात, मी त्यांच्या सुपारीच्या खांडांना उंदराच्या लेंड्या म्हणते, आणि घर शांततेत चालतं.

पुढच्या आठवड्यात यांनी तक्ता केला. आखीव कागदावर, पट्टी धरून, कंपनीत करायचे तसा. वेळ, काम, जागा, माणूस असे चार रकाने. वर नाव: निवांत बसण्याचा तक्ता. सहा ते सात, चहा, ओटा, आणि माणसाच्या रकान्यात मी. सात ते आठ, निवांत बसणे, अक्रोडाखाली, दोघे. आठ ते नऊ, पोहे किंवा उपमा, मी. दहा ते अकरा, गाय बघणे, दोघे. अकरा ते एक, स्वयंपाक, मी. दुपारी दोन ते चार संपूर्ण विश्रांती, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात ‘भांडी झाल्यावर’.

“यात तुम्ही कुठे आहात?” मी विचारलं.

“आहे की. सगळीकडे सुपरव्हिजन,” हे म्हणाले. गंमत करत नव्हते.

तो तक्ता आम्ही व्हिसाच्या एजंटकडे वाशीला घेऊन गेलो, कारण तिथे दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो. एजंट हसरा, गोल चेहऱ्याचा. त्याने विचारलं, “पहिल्या दिवशी काय?”

मी घाईने म्हटलं, “काही नाही.”

“दुसऱ्या दिवशी?”

“काही नाही.”

“मॅडम, असं नाही चालत. काहीच करायचं नाही तर एवढ्या लांब कशाला चाललाय, असं विचारतील ते लोक. डाउट येतो.”

मग यांनी अभिमानाने तक्ता काढला. एजंटने तो वरपासून खालपर्यंत वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. “साहेब निवांत आहेत,” तो म्हणाला, “पण मॅडमचं शेड्यूल एकदम टाइट आहे.” शेवटी त्याने मनानेच काहीतरी लिहिलं. पहिला दिवस गावातलं चर्च, दुसरा आठवडी बाजार, तिसरा नदीकाठी फेरफटका, असं सातही दिवस. त्यामुळे फ्रेंच सरकारला दिलेल्या कागदात मी एकाही दिवशी स्वयंपाक करत नाही. त्या कागदाचा मी गुपचूप फोटो काढून ठेवला. शाळेत मधल्या सुट्टीत काढून बघायचे.

व्हिसा झाला. मग एकदा मुलगी फोनवर सहज म्हणाली, “आई, तिथे इंडक्शन आहे हं, आपला कुकर चालणार नाही.” मी दोन दिवस गाणी गुणगुणत होते. तिसऱ्या दिवशी हे वाशीहून एक खोकं घेऊन आले. आत तीन लिटरचा स्टीलचा कुकर, इंडक्शनवर चालणारा.

“सरप्राइज!” हे म्हणाले.

मला रडू आलं. खरंच, डोळ्यांतून पाणी आलं आणि थांबेना. यांना वाटलं आनंदाने रडतेय. माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले, “अगं, वेडी आहेस का, एवढ्याशा कुकरने!”

त्या रविवारी मी न्यायचं मेतकूट करायला डाळी भाजत होते आणि आत्या शेजारी स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. हे खाली वॉचमनला फ्रान्स समजावून सांगत होते. माझा ताबा सुटला. “आत्या,” मी म्हटलं, “ती गाय आहे ना फोटोतली, तिला सुद्धा तिथे कुणीतरी वैरण आणून टाकतं. मला पुढच्या जन्मी तरी गाय करा म्हणावं देवाला. इतक्या लांब जाऊन मी ओटाच पुसणार असेन तर मला नाही जायचं. मला राग येतो आत्या. सगळ्यांचा येतो. तुमचाही येतो.”

आत्यांनी हातातली पाकळी सोलून परातीत टाकली.

“डाळ करपली बघ,” त्या म्हणाल्या.

खरंच करपली होती. मी गॅस बंद केला. करपलेली डाळ काढून टाकली आणि दुसरी मोजून घेतली.

निघायचा दिवस सोमवार. चारला गाडी येणार होती. आत्यांना सोबत म्हणून नणंदबाई आदल्या दिवशीच साताऱ्याहून आल्या होत्या. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि हे यादीवर टिकमार्क करत होते. वस्तू वाया जाऊ नये तशी जागाही वाया जाऊ नये म्हणून कुकरच्या पोटात डाळीच्या पुड्या भरल्या होत्या. “कुकर, ओके,” हे म्हणाले. “रिंग, ओके. शिट्टी?”

शिट्टी नव्हती.

खोकं बघितलं, पुड्या काढल्या, यांचे मोजे झटकले. जुन्या कुकरची शिट्टी लावून बघितली, ती याच्यावर बसेना. सेक्टरातलं भांड्यांचं दुकान सोमवारी बंद. नणंदबाई शेजारणीकडून आणखी दोन शिट्ट्या घेऊन आल्या, त्याही बसेनात. मुलीला फोन लावला तर ती म्हणाली, “बाबा, कुकर राहू दे ना.” हे उघड्या बॅगेशेजारी फरशीवर बसले. तीस वर्षांत कंपनीतली लाइन बंद पडली तेव्हाही यांचा असा चेहरा झाला नसेल.

आणि मी? मी नाचायला हवं होतं. मी फ्रिजखाली हात घालून शिट्टी शोधत होते. पदर खोचून, घाम पुसत, अगदी जिवाच्या आकांताने. ओट्यामागे बघितलं, पिठाच्या डब्यात हात घातला. आपण हे का करतोय, हे मला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. शेवटी आत्यांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या पलंगाखाली वाकले.

“काय हुडकतीस?” आत्या वरून म्हणाल्या.

“शिट्टी, आत्या. कुकरची.”

“हितं वर बघ.”

मी मान वर केली. आत्या पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या आणि मांडीवर त्यांची पानसुपारीची चंची होती. त्यांनी दोरी सैल केली. चुन्याची डबी, दोन सुपाऱ्या, आणि मधोमध ती नवी कोरी, चकचकीत शिट्टी. मी हात पुढे केला. आत्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

“माज्या जल्मात मी दोनदाच बसून खाल्लं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ह्याच्या बाळंतपनात आन ह्याच्या भनीच्या बाळंतपनात.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुला तर एकच लेक.”

मी तशीच फरशीवर बसून राहिले.

बाहेरून यांचा आवाज आला, “अगं, मिळाली का?”

मी तोंड उघडायच्या आत आत्यांनी चंचीची दोरी करकचून आवळली आणि खालच्या वॉचमनलाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “न्हाय मिळाली! आन आता तिला हुडकाय लावू नगंस!”