सासरवाडीची मोजणी

इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या लायब्ररीत दर शनिवारी मला भेटणारे काका पूर्वी पुण्यात भूमापक होते. त्यांच्या वेल्श बायकोला आता फक्त वेल्समधलं माहेरचं शेत आठवतं. म्हणून काका जुन्या नकाशांवर दोरा लावून त्याच्या हद्दी मोजतात आणि घरी जाऊन तिला सांगतात.

“सासरवाडीची जमीन आहे, ताई. एक बांध चुकला तरी बोलणी खावी लागतात.”

काल त्यांनी नव्या नकाशाची प्रिंट काढली. शेताच्या जागी धरणाचं निळं पाणी होतं. त्यांनी दोरा गुंडाळून खिशात ठेवला. मग प्रिंट माझ्यापुढे सरकवली.

“तुमच्याकडे ठेवा. घरी दिसली तर ती विचारेल. तुमच्या घरी आता विचारणारं कोणी नाही ना.”

नवरा गेल्यापासून माझ्याशी इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. मी प्रिंटची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली.