शेवटची दोन पानं

मी मनोरंजन क्षेत्रातली वकील आहे म्हटलं की लोकांना वाटतं, मी नटनट्यांच्या पार्ट्यांना जाते. माझं ऑफिस ठाण्यात, कोपरीत झेरॉक्सच्या दुकानावर आहे आणि दिवसभर मी लोकांच्या करारांतली बारीक अक्षरं वाचत बसते.

गेल्या वर्षी डोंबिवलीहून एक काका आले, सोबत काकू. बँकेतून निवृत्त झालेले काका. तरुणपणी बँकेच्या नाट्यस्पर्धेसाठी त्यांनी एक एकांकिका लिहिलेली. आता एका कंपनीला तिच्यावर सिनेमा करायचा होता. काका इतके फुगलेले की खुर्चीत मावत नव्हते.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, “हिचे हक्क आधी कुणाला लिहून दिलेत का?”

काका पंख्याकडे बघायला लागले.

“सांगा की,” काकू म्हणाल्या. “नाहीतर मी सांगते. नाटकातल्या हिरोइनला दिलेत, आमच्या लग्नाआधी. फूल द्यायची हिंमत नव्हती, म्हणून चिठ्ठी लिहून हक्क दिले.”

“सगळे?”

“सगळे,” काका पुटपुटले.

चिठ्ठीखाली सही करायचीही काकांना हिंमत झाली नव्हती, त्यामुळे कायद्याने ती मुळातच पोकळ. पण कंपनीचा वकील अडून बसला, बाईंची ‘हरकत नाही’ अशी सही आणाच. सही आणायला जायच्या दिवशी काकांना अचानक कणकण वाटायला लागली. मग मी आणि काकूच आंबिवलीला गेलो.

बाई सत्तरीच्या, बॉबकट केलेल्या. सगळं ऐकून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“सही देते,” त्या म्हणाल्या. “पण शेवटची दोन पानं माझी आहेत. याच्या नाटकात नायिका नवऱ्याची माफी मागून घरी परतायची. म्हटलं, मी असलं काही करणार नाही. तालमीत बसून नवीन शेवट लिहिला. लेखनाचं बक्षीस मात्र यानेच घेतलं.”

त्यांनी तालमीची वही काढली. दोन पानं, त्यांच्याच अक्षरात, खाडाखोडीसकट. सही आणायला गेलो आणि एक लेखिका सापडली.

काकूंनी ती पानं शांतपणे वाचली. “तरीच,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मला कळत नव्हतं, या माणसाला हे सुचलं कसं.”

डोंबिवलीला परत आल्यावर काका भडकले. “अगं, किरकोळ बदल होते ते!”

“दोघांची नावं घालायची,” काकू म्हणाल्या. “नाहीतर तुम्ही सही करायची नाही.”

“काकू, कायद्याने यात तुमचा काही संबंध नाही,” मी म्हटलं.

“या घरात कुठला कायदा चालतो, ते यांनाच विचार.”

कंपनीने कुरकुर करत कबूल केलं आणि करारावर दोन नावं आली. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. पोस्टरवर नावं अकारविल्हे घालतात का, असं विचारत होते. तसं झालं तर त्यांचं नाव आधी येत होतं.

तसं कलम घालून घेते, असं मी म्हटलं.