पहिल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती

लहानू बोरस्ते मूळचा निफाडकडचा. घरी द्राक्षबाग. धाकटा भाऊ केरू बागेत रमला आणि लहानू बी.एस्सी. होऊन नाशकात कॅनडा कॉर्नरजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागला. त्याच जिन्याखाली मी टायपिंगची संस्था चालवत होतो. वर भविष्यकाळ, खाली भूतकाळ आणि दोघांत मिळून एक संडास, अशी ती इमारत होती. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही अशी तेव्हा समजूत असल्यामुळे वरच्या मुलांना चपला खाली काढाव्या लागत, म्हणजे आमच्या दारात. चप्पल हरवली की भांडायला माणूस माझ्याकडे यायचा. लहानू पहिल्यांदा आला तोही भांडायलाच. त्याची कोल्हापुरी गेली होती. भांडण अर्ध्यावर आलं तेव्हा मी चहा मागवला, आणि ते पुढची दहा वर्षं अर्ध्यावरच राहिलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका इंग्रजी मासिकाबरोबर लहानूला एक सीडी फुकट मिळाली. तिच्यात लिनक्स होतं. हे काय असतं असं मी विचारलं, ही माझी चूक.

"नाना, कॉम्प्युटर म्हणजे लग्नघर समजा," तो म्हणाला. "नवरदेव, नवरी, आचारी, बँडवाले सगळे आहेत. पण कोठीच्या खोलीची किल्ली एका मामाच्या कमरेला असते. तो मामा झोपला की लग्न थांबलं. या मामाला म्हणायचं ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज हा एक मामा. लिनक्स हा दुसरा."

"मग फरक काय?"

"पहिल्याला मानपान लागतो. दुसरा स्वतःच्या खर्चाने येतो, आणि कोठीचं दार सगळ्यांना उघडं ठेवतो."

अडचण एवढीच, की मानपान नाशकात तेव्हा कोणीच करत नव्हतं. पहिला मामाही बहुतेकांच्या घरी मागच्या दाराने फुकटच आला होता. पण लहानूच्या डोक्यात त्या दुसऱ्या मामाने असं काही घर केलं, की त्याने क्लास सुटल्यावर बसून मराठीत एक पुस्तक लिहून काढलं: 'लिनक्स घरच्या घरी'. मराठीत या विषयावर तेव्हा काहीच नव्हतं. त्याने पुण्यामुंबईच्या दुकानदारांना पत्रं टाकून विचारलं होतं. एकाने उलट विचारलं, "हे कोणत्या साथीचं नाव आहे?"

पुस्तक छापलं धोंडीरामशेठने. रविवार कारंज्याजवळ त्यांचा छापखाना होता. पूजाविधी, रांगोळीचे नमुने आणि दहावीची गाइडं ही त्यांची मुख्य पिकं. मी लहानूबरोबर गेलो होतो, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"पहिली आवृत्ती असं छापायचं नाही," शेठ म्हणाले.

"पण पहिलीच आहे ना शेठ!"

"असू द्या की. लोकांना कशाला सांगायचं? पहिली म्हणजे कसं, पहिलटकरणीसारखं. सगळ्यांच्या जिवाला घोर. दुसरी म्हटलं की गिऱ्हाईक निवांत. त्याला वाटतं, आधी कोणीतरी घेतलंय आणि त्याला काही झालेलं नाही."

"आणि साल?"

"साल टाकलं की पुस्तक दुसऱ्या दिवसापासून म्हातारं व्हायला लागतं. 'दीपावली' टाकू. दीपावली दर वर्षी येते."

नावाच्या पानामागे प्रकाशकाचा पत्ता आणि आवृत्ती छापतात, ते पान शेठ सगळ्यात शेवटी स्वतः करत आणि कोणालाही दाखवत नसत. लहानूचा विरोध चहा निवेपर्यंत टिकला. १९९९च्या दिवाळीत प्रती हातात आल्या तेव्हा त्याने आधी तेच पान उघडलं. 'दुसरी आवृत्ती : दीपावली.' मी त्याचा चेहरा बघत होतो. आधी तो ओशाळला, मग हळूहळू फुलला. खोटं होतं, पण छापलेलं होतं, आणि छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची आपल्याला शाळेपासूनची सवय.

गावी त्याने वडिलांच्या, पुंजाबाबांच्या, हातात पुस्तक दिलं. बाबांनी चष्मा लावून ते पान वाचलं आणि विचारलं, "दुसरी? मंग पहिली कुठं गेली रं?"

लहानू म्हणाला, "खपली ना बाबा. हातोहात."

हे एक वाक्य पुंजाबाबांनी निफाडच्या आठवडेबाजारापर्यंत नेऊन पोचवलं.

'हातोहात' खपलेलं ते पुस्तक दुकानात कुठे ठेवायचं हेच कोणाला कळेना. एका दुकानदाराने नाव वाचून ते 'पापड-लोणची घरच्या घरी'च्या शेजारी मांडलं. तिथून दोन प्रती गेल्या आणि एक परत आली. बाकीचे गठ्ठे लहानूच्या पलंगाखाली चार वर्षं होते. शेवटी सविता वहिनी म्हणाल्या, "एक तर हे तरी ठेवा, नाही तर मला तरी." तेव्हा, २००३ साली, त्याने ते जिल्ह्यातल्या वाचनालयांना भेट देऊन टाकले. पुढे क्लासही बंद पडला. लहानू एका सायबर कॅफेत लोकांचे परीक्षांचे फॉर्म भरून द्यायला लागला. माझ्या टायपिंगचा गळा कॉम्प्युटरने आधीच आवळला होता, त्यामुळे मी त्याच्या शेजारी बसायला मोकळा होतो.

२००७ साली एक दिवस हर्षाली मॅडम आल्या. एका कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकवायच्या. 'मराठीतील संगणकविषयक आरंभीची पुस्तके' अशी सूची करत होत्या, आणि लिनक्सचं प्रकरण नेमकं लहानूपाशी येऊन थांबलं होतं.

"सर, सध्या माझ्या यादीत लिनक्सवरचं पहिलं पुस्तक विदर्भातल्या एका गृहस्थांचं आहे," त्या म्हणाल्या. "पहिली आवृत्ती, मे २०००. पण तुमचं त्याआधीचं असावं असं वाटतंय. दुसऱ्या आवृत्तीवर साल नाही. तुमची पहिली आवृत्ती मला फक्त दाखवा. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नोंद करत नाही. मग पहिलं नाव तुमचं."

पहिलं नाव तुमचं! इतक्या वर्षांत लहानूशी कोणी असं बोललं नव्हतं. बागेतला वाटा भावावर सोडून शहरात येऊन काय केलंस, या गावच्या प्रश्नाला हे उत्तर होतं, आणि पुंजाबाबा अजून ते ऐकायला होते. त्या घटकेला लहानूने खरं सांगायला हवं होतं. पण समोर एवढ्या आदराने बसलेल्या बाईला 'ते मी खोटं छापून घेतलं' हे सांगायला त्याची जीभ वळेना.

"शोधतो," तो म्हणाला.

नसलेली वस्तू शोधण्यात माणूस फार दमतो. त्याचा निरोप येईना म्हणून मॅडमनी आपल्या बाजूने मदत सुरू केली. त्यांनी गावी फोन लावला. केरूने उचलला.

"पहिली आवृत्ती? ती तं महिन्यात खपली मॅडम! भाऊनंच सांगितलं व्हतं. आमचं म्हातारं आजून सांगतंय."

मॅडमनी ते टिपून घेतलं. लहानूची एका वाक्याची बढाई आता पुरावा झाली होती.

मग साल तरी सिद्ध होईल म्हणून आम्ही दोघं एसटीने सटाण्याला गेलो. तिथल्या वाचनालयात प्रत असल्याचं कळलं होतं. नाशकातल्या वाचनालयांनी 'कॉम्प्युटरची जुनी पुस्तकं' केव्हाच रद्दीत घातली होती. दुधाला आणि कॉम्प्युटरच्या पुस्तकाला जुनं व्हायला सारखाच वेळ लागतो असं त्यांचं मत दिसलं. सटाण्याचे ग्रंथपाल मात्र पुस्तकाचं नाव ऐकताच खूश झाले.

"शे ना भाऊ, पुस्तक शे!" ते अहिराणीत म्हणाले. "वाचनारा कोनी नही, म्हनीसन नवं शे."

खरंच, कोरं करकरीत होतं. आत वाचनालयाचा शिक्का होता आणि शिक्क्यात तारीख होती: २००३. लहानूने स्वतः भेट दिली तेव्हाची. पुस्तकावर कुठे तारीख असलीच तर ती ही एवढीच, आणि तिच्यामुळे तो पहिल्याचा दुसरा नव्हे, चौथा-पाचवा ठरत होता.

"नाना," परतताना तो म्हणाला, "माझ्याविरुद्ध सगळे साक्षीदार मीच गोळा केलेत."

शेवटचा उपाय म्हणून आम्ही धोंडीरामशेठकडे गेलो. शेठ थकले होते, पण धंदा तोच होता. लहानूने सगळी हकीकत सांगितली आणि विनवलं, "शेठ, एवढं लिहून द्या, की दुसरी आवृत्ती म्हणजेच पहिली होती."

"वेडे का काय तुम्ही?" शेठ दचकलेच. "तसं लिहून दिलं तर माझ्या तीस वर्षांच्या पुस्तकांचं काय? लोक म्हणतील, बाकीच्यांचंही असंच." मग ते जरा विचार करून प्रेमाने म्हणाले, "पहिली आवृत्तीच पाहिजे ना? किती प्रती? परवा देतो."

"म्हणजे?"

"जुना कागद पडलाय माळ्यावर, पिवळा झालेला. एक पान बदललं की झालं. साल म्हणाल ते टाकू. तुमच्यासाठी साल टाकतो, बघा!"

आणि नमुना म्हणून त्यांनी ते पान छापूनही दाखवलं. 'पहिली आवृत्ती : दीपावली १९९९.' लहानू ते हातात धरून उभा राहिला. अक्षरन् अक्षर खरं होतं. हेच पान तेव्हा छापलं असतं तर आज ही पायपीट पडली नसती.

घरी सविता वहिनींनी ऐकलं आणि त्या फाडकन म्हणाल्या, "अहो, तेव्हा खोटं होतं ते मिरवलंत. आता खरं आहे ते घ्यायला लाजताय?"

"तेव्हा हौस होती गं," लहानू म्हणाला. "आता माझं तेवढंच उरलंय. तेही धोंडीरामशेठच्या माळ्यावरून आणू?"

त्याने ते पान फाडलं नाही, जाळलंही नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन शेठना परत दिलं. शेठ म्हणाले, "राहू द्या, मागून उपयोगी पडेल." आणि त्यांनी ते खरोखर खणात ठेवलं.

मग आम्ही कॉलेजात गेलो आणि लहानूने खरं सांगितलं: पहिली आवृत्ती नव्हतीच. हीच पहिली. दुसरी म्हणून छापायची शेठची रीत होती, मी कबूल झालो, आणि घरी बढाई मारली तीही मीच. हे बोलताना तो मॅडमच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

हर्षाली मॅडम चांगल्या होत्या, हीच पंचाईत. त्यांना फार वाईट वाटलं. "सर, माझा विश्वास नाही असं नाही. पण छापलेलं एक सांगतंय, घरचे तेच सांगतायत, शिक्का २००३चा आहे. आणि तुम्ही म्हणताय की तेव्हा मी खोटं बोललो. मग आज खरं बोलताय हे मी कशावरून लिहू?"

"मी होतो ना तिथे," मी म्हटलं.

"तुम्ही सरांचे मित्र ना?" त्या हळूच म्हणाल्या.

मी हो म्हटलं. भांडण अर्ध्यावर सोडल्याचा आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

पुढच्या एप्रिलमध्ये सूचीचं प्रकाशन झालं. लहानूला निमंत्रण होतं. पांढरा शर्ट घालून तो आला. व्यासपीठावर विदर्भातले ते गृहस्थ होते. साधा माणूस, हाराने अवघडलेला. 'मला पहिलं वगैरे ठाऊक नव्हतं' असं ते बोलले, त्यावर टाळ्या पडल्या. लहानूनेही वाजवल्या. मी सूची उघडली. सालवारीने लावलेली होती. ज्यांवर साल नाही ती पुस्तकं सगळ्यांच्या शेवटी. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत: 'लिनक्स घरच्या घरी, ल. पुं. बोरस्ते, दुसरी आवृत्ती, सन नाही.'

लहानूने मात्र शेवटचं पान उघडलंच नव्हतं. सवयीने त्याने नावाच्या पानामागचं पान काढलं होतं. त्याने माझ्या मांडीवर पुस्तक ठेवलं आणि बोटाने दाखवलं. सूची छापायचं काम कॉलेजच्या ऑफिसने सगळ्यांत कमी दरवाल्याला दिलं होतं. रविवार कारंजा, नाशिक. त्याखाली: 'दुसरी आवृत्ती : दीपावली.'

एप्रिल महिना होता. शाई अजून बोटाला लागत होती.

मी उठलोच. लहानूने माझा शर्ट धरून मला खाली ओढलं.

"बसा नाना."

"अरे, हाच तुझा पुरावा! आत्ता, सगळ्यांसमोर..."

"बसा म्हणतो ना. मॅडमचं पहिलं पुस्तक आहे."

"मग उद्या सांग."

"उद्या सांगून काय? यादी छापून झाली."

तेवढ्यात हर्षाली मॅडम पेढे घेऊन आमच्यापाशी आल्या. चेहरा असा उजळलेला, की मलाही बोलवेना. "सर, नोंद बघितलीत ना? शेवटी आहे, पण आहे."

"बघितली. छान झालंय सगळं," लहानू म्हणाला. मग खिशातलं पेन काढून त्याने आपली प्रत त्यांच्यापुढे धरली. "सही करा मॅडम. आणि खाली तारीख घाला. सालासकट."

"साल कशाला हो सर?" त्या हसल्या.

"घाला तर खरं. एक तुमच्या घरच्या प्रतीवर पण घाला. चार माणसांच्या सह्या घेऊन ठेवा."

त्यांना ती गंमत वाटली. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि दुसऱ्या रांगेकडे वळल्या. लहानूने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पुस्तक मिटलं.

बाहेर पडल्यावर तो रिक्षांना हात करत राहिला. मग एकदम म्हणाला, "नाना, तुम्हाला मी पहिल्या दिवशीच एक प्रत दिली होती. सही करून. आहे का हो ती?"

होती. मॅडम पहिल्यांदा येऊन गेल्या त्याच दिवशी मी ती कपाटातून काढून बघितली होती. त्याला सांगितलं नव्हतं.

"आहे," मी म्हटलं.

"तारीख टाकली होती मी?"

"टाकली होतीस."

"काय?"

"दीपावली."