जाळ्याखालची रेघ

"अंदाज नको, टेप लावा," असं म्हणून साहेब खिशातून पोलादी टेप काढायचे, डावा डोळा मिटायचे आणि समोर जे असेल ते मोजायचे. माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं काउंटर त्यांनी चार वेळा तरी मोजलं असेल. काउंटर काही वाढत नव्हतं. पण चहा येईपर्यंत त्यांच्या हाताला काम हवं असायचं, दुसरं काय!

साकोलीत कचेरीसमोर माझं दुकान आहे. साहेब मोजणी खात्यात होते, शेतांच्या नकाशांच्या प्रती काढायला माझ्याकडेच यायचे. मोजणीवाल्या माणसाचं एक दुखणं असतं, तुम्हीही पाहिलं असेल. मोजणी कितीही चोख करा, संध्याकाळी एक घर नाराज होतंच. बाजारात साहेबांना बघून रस्ता बदलणारी माणसं मी मोजली आहेत, तीही टेप न लावता.

निवृत्त झाल्यावर ते नागपूरला मुलीकडे महिनाभर राहिले आणि येताना एक पिशवी घेऊन आले. पिशवीत चार चपट्या बॅटी आणि भोकं पडलेले प्लास्टिकचे पिवळे चेंडू. काउंटरवर एक आकृती ठेवून म्हणाले, "बाई, याच्या दहा प्रती काढा. पिकलबॉल आहे. बॅडमिंटनएवढी जागा पुरते, आणि गुडघे दुखणाऱ्यालेही खेळता येते." मी म्हटलं, साहेब, या वयात? तर म्हणाले, वयाचा अंदाज नको. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

अशा रीतीने आमचा क्लब सुरू झाला. क्लब म्हणजे साहेब, मी, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आणि बसस्टँडजवळचे पंक्चरवाले भाऊ. वर्गणी नाही, पावती नाही, ज्याला जे जमेल ते त्याने करायचं. आता जागा हवी होती, आणि साहेबांनी जी जागा सांगितली ती ऐकून आम्ही तिघांनीही डोक्याला हात लावला.

गावाबाहेर एक बंद पडलेली राइस मिल आहे. तिच्यासमोर धान वाळवायचं मोठं सिमेंटचं पटांगण. मिल दोघा भावांची. वडील गेल्यावर वाटणी झाली, आणि मोजणी केली होती आमच्याच साहेबांनी. पटांगणाच्या मधोमध लाल रेघ पडली आणि मिलची विहीर दोन हातांनी धाकट्याच्या बाजूला गेली. थोरल्यांनी त्या दिवसापासून रेघ ओलांडली नाही. ज्या विहिरीचं पाणी पिऊन मोठे झाले, तिचं पाणी सोडलं. पलीकडे विहीर दिसत असताना माणूस घरून कॅन भरून आणायचा. अकरा वर्षं.

"मोजणी बरोबरच होती, बाई," साहेब मला म्हणाले. "पन माझ्या मोजणीच्या आधी ते दोघं बोलत होते न." एवढं बोलून त्यांनी माझा स्टेपलर मोजायला घेतला. तेव्हा मला कळलं की या माणसाला नुसता खेळ नको आहे.

दोघांची सही एका कागदावर होणं शक्य नव्हतं. साहेबांनी दोन वेगळे अर्ज टाइप करून घेतले, माझ्याच दुकानात. थोरल्यांनी आपल्या अर्ध्या भागाला परवानगी दिली, धाकट्यांनी आपल्या. मग साहेबांनी कोर्ट असं आखलं की जाळं नेमकं त्या लाल रेघेवर आलं. बावीस फूट इकडे, बावीस फूट तिकडे. सिस्टरांनी भेगांत सिमेंट भरलं, मी झाडू मारला, पंक्चरवाल्यांनी टायरमध्ये सिमेंट ओतून खांब उभे केले. जाळं म्हणजे तलावावर मासे धरणाऱ्यांनी टाकून दिलेलं जाळं, वरच्या कडेला माझ्या जुन्या साडीचा काठ शिवलेला. रेघा चुन्याच्या. मी ऑइल पेंट म्हटलं तर साहेब म्हणाले, "पक्की रेघ मालक म्हनतील तेव्हा."

या खेळात जाळ्याजवळ सात फुटांचा पट्टा असतो. चेंडू टप्पा न पडता हवेतच मारायचा असेल तर त्या पट्ट्यात पाय ठेवायचा नाही. हे लोकांना काही केल्या कळेना. साहेबांनी त्याचं नाव ठेवलं धुरा. शेताचा धुरा, म्हणजे बांध, म्हटल्यावर कोणाला काय सांगावं लागतं? पहिल्याच दिवशी सगळे समजले आणि दुसऱ्या दिवसापासून धुऱ्यावरून भांडायलाही लागले.

थोरले आधी राखण करायला यायचे, आपलं सिमेंट कोणी फोडत तर नाही ना म्हणून. एकदा चेंडू घरंगळत पायाशी आला, त्यांनी बाजूला पडलेली बॅट उचलून तो परत मारला, आणि संपलं. रोज संध्याकाळी पांढरा बनियन घालून हजर. पण डाव संपला की बाजू बदलायची असते, आणि थोरले बदलेनात. "मी इथंच बरा," म्हणायचे. त्यांचा अर्धा भाग पश्चिमेला. मावळतीचं ऊन त्यांच्या पाठीवर आणि समोरच्याच्या थेट डोळ्यांत. आम्हाला चेंडूच दिसायचा नाही. थोरले रोज जिंकायचे आणि वर म्हणायचे की प्रॅक्टिस करा. अस्सा राग यायचा मला! सिस्टर तर म्हणाल्या, यांना काढून टाका नाहीतर मी जाते. पाच लोकांच्या क्लबात फूट पडायची वेळ आली, आणि थोरले रुसले असते तर अर्धं कोर्टही गेलं असतं.

साहेबांनी फक्त बॅट उचलली आणि स्वतः उन्हाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. साठीचा माणूस, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पहिल्या दिवशी अकरा-दोन हरले. दुसऱ्या दिवशी अकरा-शून्य. डोळ्यांतून पाणी वाहायचं, ते रुमालाने पुसायचे आणि म्हणायचे, "टाका." बाजू बदला असं एकदाही म्हणाले नाहीत. मला बघवेना. मी त्यांना सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. ऐकतील तर शपथ.

पाचव्या संध्याकाळी साहेबांना समोरून आलेला चेंडू दिसलाच नाही, तो त्यांच्या कपाळाला लागला. हलका चेंडू, लागलं काही नाही. पण थोरले सर्व्हिस करायचे थांबले.

"साहेब, इकडं या तुमी," ते म्हणाले. "तुमच्या डोळ्याले तरास होते."

"मंग तुमी कुठं जाल?" साहेबांनी विचारलं.

थोरल्यांनी मान खाली घालून खांबाला वळसा घातला आणि रेघेपलीकडे पाय टाकला. आम्ही सगळे उगाच दुसरीकडे बघू लागलो. खेळ सुरू झाला. थोरल्यांच्या डोळ्यांत ऊन गेलं आणि ते पहिल्यांदा हरले, तेही डोळे पुसत. डाव संपला तेव्हा धाकटे विहिरीपाशी बादली भरून उभे होते. ते कधी आले कोणालाच कळलं नाही.

"दादा, पानी घे," एवढंच म्हणाले.

थोरल्यांनी ओंजळ पुढे केली. एकदा प्यायले, दुसऱ्यांदा प्यायले, तिसऱ्यांदा ओंजळीतलं पाणी तोंडावर मारून घेतलं.

परत येताना मी साहेबांना विचारलं की कोर्ट आखताना उन्हाचं लक्षात आलं नव्हतं का. ते म्हणाले, "नकाशावर सगळ्यात आधी उत्तर दिशा काढावी लागते, बाई." म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं लबाडाला.

पुढच्या पावसाळ्यात साहेब दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले. ऑपरेशन छान झालं. फोनवर म्हणाले, आता डावा डोळा न मिटता मोजता येईल. आणि पंधरा दिवसांनी झोपेतच गेले. मुलगी येऊन तो टेप माझ्या दुकानात ठेवून गेली. कितीतरी दिवस मी त्याला हात लावला नाही.

दसऱ्यानंतर ऊन पडलं. पटांगणावरचा चुना पुरता धुऊन गेला होता. सकाळी मी चुन्याचं घमेलं घेऊन, पिशवीत साहेबांचा टेप टाकून पोहोचले तर दोघे भाऊ आधीच तिथे. मध्ये पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा. थोरल्यांनी माझ्याकडून टेप घेतला, एक टोक धाकट्यांच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन स्वतः विहिरीकडे चालत गेले. मी म्हटलं, जुन्या खुणा दिसतात, अंदाजाने मारू. त्यावर दोघेही एकदमच म्हणाले, "अंदाज नको."

आता आम्ही सतरा जण आहोत. त्या दिवशी सगळ्या रेघा पक्क्या झाल्या. जाळ्याखालची लाल रेघ तेवढी फिकी पडली होती. डब्यात रंग उरला होता, म्हणून मी विचारलं, ही पण मारायची का? धाकट्यांनी थोरल्यांकडे पाहिलं.

"राहू दे," थोरले म्हणाले. "तिथं जाळं हाय न."