सातव्यांदा बंद पडलेला कॉम्प्युटर

बेंगळूरच्या बनशंकरीतली एप्रिलची दुपार, साल अठ्ठ्याण्णव... आणि माझा कॉम्प्युटर त्या आठवड्यात सातव्यांदा बंद पडला. स्क्रीन एकदम काळी, मग आपोआप पुन्हा सुरू. सेव्ह न केलेली अपूर्णांकांची सहा पानं गेली ती गेलीच.

पुण्यातली प्रूफरीडरची नोकरी सोडून मी नवऱ्याच्या, म्हणजे अजितच्या, नोकरीपायी बेंगळूरला आले होते. वर्षभर रिकामी बसल्यावर पुण्याच्या एका प्रकाशकांनी आठवीच्या गणिताचं गाइड टाइप करून पानं लावायचं काम दिलं... या गावातलं माझं पहिलं स्वतःचं काम. आणि आता ते फोनवर शांतपणे म्हणाले होते, "सोमवारी फ्लॉपी हातात पडल्या नाहीत, तर मला इथेच दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

अजित सॉफ्टवेअरवाला, तेव्हा घरचाच वैद्य. त्याने तीनदा विंडोज नव्याने टाकलं, ऑफिसातून व्हायरस शोधायची फ्लॉपी आणली, रॅम काढून खोडरबराने घासली. शेवटी म्हणाला, तू कीबोर्ड फार आपटतेस... त्यावर मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

बंद पडण्याला काही ताळमेळच नव्हता. कधी पाच मिनिटांत जायचा, कधी तीन तास सुरळीत चालायचा. कॅबिनेटला हात लागला की बारीक मुंग्या यायच्या, पण अजित म्हणाला ते स्टॅटिक असतं, म्हणून मी चपला घालून टायपिंगला बसायला लागले.

त्या शुक्रवारी सहा पानं गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन चक्क रडले. मग पाणी प्यावं म्हणून अनवाणीच फ्रिज उघडायला गेले, तर त्याच्या दारानेही हाताला तशाच मुंग्या आणल्या. फ्रिजमध्ये तर काही विंडोज नव्हतं... डोळे पुसले आणि तडक कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून मंजण्णांना घेऊन आले.

मंजण्णा पन्नाशीचे, कमी बोलणारे. होल्डरला दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब त्यांनी पिशवीतून काढला, एक वायर फेजला लावली आणि दुसरी प्लगच्या वरच्या, अर्थिंगच्या भोकात. बल्ब नीट पेटायला हवा होता... आतली तार नुसती लालसर झाली.

मग ते खाली मीटरपाशी गेले आणि तिथून जमिनीकडे जाणारी तार बघत बघत कंपाउंडच्या कोपऱ्यात पोचले. तिथे सिमेंटच्या गोल कड्यात माती होती, कड्याला हळदीकुंकू, आणि मधोमध मी सकाळी वाहिलेलं जास्वंदीचं फूल. त्यांनी ते अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "अम्मा, ये देवरु नहीं... अर्थिंग है."

आता कबुली देते. आमच्या घरमालकीण सुभद्राक्का, मूळच्या निपाणीकडच्या, खालच्या मजल्यावर राहायच्या. मार्चमध्ये लेकीच्या बाळंतपणाला धारवाडला जाताना त्यांनी बजावलं होतं, "रोज सांजच्याला त्या कोपऱ्यात एक बादली पाणी घालत जावा, इसरू नका."

आम्ही ते कुंकू बघितलं आणि हे अक्कांचं काहीतरी दैवत असणार असं धरून चाललो. नळाला एक दिवसाआड पाणी, त्यामुळे अजितने निकाल दिला की अंधश्रद्धेपायी बादलीभर पाणी मातीत घालवायचं नाही. मला मात्र अक्कांचा शब्द मोडवेना, म्हणून मी रोज एक फूल वाहायचे... पाणी नाही, फूल.

दीड महिन्यात ती माती खडखडीत वाळली आणि घराचं अर्थिंगच गेलं. जास्तीची वीज ओल्या मातीतून जमिनीत उतरायची, ती वाटच बंद झाली... हाताला मुंग्या त्याच्याच आणि कॉम्प्युटर बंद पडायचा तोही त्यानेच. मंजण्णांनी मूठभर मीठ टाकून माझ्याकडून चार बादल्या ओतून घेतल्या. अर्ध्या तासाने बल्ब पुन्हा लावला... लख्ख. इतका देखणा बल्ब मी आजवर पाहिलेला नाही.

संध्याकाळी अजितला सगळं सांगितलं. शनिवारी मी उठायच्या आत तो बादली भरून कोपऱ्यात जाऊन आला होता. कॉम्प्युटर दोन दिवसांत एकदाही बंद पडला नाही, आणि रविवारी पुण्याच्या बसने निघालेल्या अजितच्या मित्राच्या हाती मी फ्लॉपी दिल्या.

अक्का जूनमध्ये परतल्या तेव्हा मी भीतभीतच सगळं कबूल केलं. त्या हसून हसून डोळ्याला पदर लावायला लागल्या. "दसऱ्याच्या आयुधपूजेला मी मिक्सरलाबी कुंकू लावते की... म्हणून काय त्येला देव म्हंतो का आपण?" अजित तिथेच उभा होता, बिचारा पायातली चप्पल बघत राहिला.

गाइड छापून आलं ते गणपतीच्या सुमारास. पहिल्या पानाच्या मागे, खाली बारीक अक्षरात... 'अक्षरजुळणी: वैशाली दामले, बेंगळूर'. मी ते आधी अक्कांना नेऊन दाखवलं.

त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत ती ओळ वाचली. मग गाइड घेऊन सरळ कंपाउंडपाशी गेल्या, शेजारणीला हाक मारली आणि कन्नडमध्ये बरंच काही सांगितलं. माझं कन्नड तेव्हा यथातथाच होतं, त्यातले तीनच शब्द कळले... "नम्म मनी हुडुगी." आमच्या घरची पोरगी.

नंतर सहा वर्षं आम्ही त्या घरात राहिलो आणि भाडंही देत राहिलो. पण भाडेकरू असल्यासारखं मला पुन्हा कधी वाटलं नाही.