गवरीच्या पानात चिंबोरी

केराबाई सोलापुरात मंगळवारच्या बाजारात वाळली मासळी विकायची. नवरा मोडनिंबाकडं विहिरीच्या कामावर दरडीखाली सापडून गेला, तेव्हा कोंडीबा दीड वर्षाचा होता. त्या साली डोक्यावर जी पाटी आली ती तीस वर्षं उतरली नाही. बोंबील, सुकट, खारवलेले तुकडे. गिरणीतल्या बाया सुट्टीला तिच्यापुढं गर्दी करायच्या. पण तिच्या हातचं पाणी प्यायची वेळ आली की एकीलाही तहान लागायची नाही.

केराबाईला त्याचा राग नव्हता. वास येतो तर येतो. भादव्यात घरी महालक्ष्म्या बसायच्या आधी आठ दिवस ती धंदा बंद ठेवायची. चिंच नि राख घेऊन हात असे घासायची की कातडं सोलवटून निघायचं. तरी पुरणाला हात म्हणून लावायची नाही. उंबऱ्याबाहेरून नमस्कार करायची नि मागं सरायची.

चौतीस साली कोंडीबा गिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम झाला. लक्ष्म्या पंधरा दिवसांवर आल्या तेव्हा सून दुर्गा चुलीपुढं बसून, मान वर न करता म्हणाली, "आत्या, औंदा ह्यांच्या खात्यातल्या बाया जेवायला येनार हायत्या. तवा तुमी चार दिस कुटं पावनी म्हनून गेलासा तर बरं हुईल की."

केराबाईनं कोंडीबाकडं पाहिलं. तो विडी पेटवण्यात गुंतला होता.

"जाते की," ती म्हणाली.

जायला ठिकाण एकच होतं. पालघरपुढच्या एका कोळीवाड्यातली धाकूबाय दरवर्षी तुळजापूरला जाताना सोलापुरात उतरायची, केराबाईकडं मुक्काम करायची. तीही विधवाच. केराबाई विकायची ते बोंबील धाकूबायच्याच घरचे. जाताना दर वेळी म्हणायची, "एकदा आमचे गवरीला ये गो." केराबाई हसून सोडून द्यायची. या वेळी तिनं भाकरी बांधून घेतल्या, शेंगाचटणीचा डबा घेतला, वाटेत केमच्या ठेसनावर देवीसाठी कुंकवाची पुडी घेतली, नि गाड्या बदलत, विचारत विचारत दुसऱ्या दिवशी दुपारी कोळीवाड्यात उतरली.

समुद्र बघून ती पहिल्यांदा खालीच बसली.

"ह्ये पानी संपतंय कुटं?"

"संपत नाय," धाकूबाय म्हणाली.

मग धाकूबायनं तिच्या हातावर एक मासा ठेवला. गुलाबीसर पांढरा, बुळबुळीत, आरपार दिसेलसा. तो बोटांतून ओघळूनच गेला. "ह्ये काय म्हनायचं?"

"बोंबील. तीस वर्सा इकतेस ना?"

केराबाईला वाटलं, थट्टा चाललीय. तिचा बोंबील म्हणजे काटकीसारखा, वाकवला तर कट्कन मोडणारा. ती कितीतरी वेळ आपल्या ओल्या बोटांकडं बघत राहिली.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. गवरीच्या पूजेचा दिवस. पहाटेपासून कोळीवाड्यातल्या घराघरांतून तळणाचा नि मसाल्याचा वास. केराबाईनं मनाशी धरलं, ही माणसं आपल्यापुरतं शिजवत असतील, देवीचं गोडाधोडाचं वेगळं असेल. तिनं दोनदा अंघोळ केली नि सवयीनं उंबऱ्याबाहेर बसली. आत तेरड्याची गवर, अंगावर हिरवं लुगडं, नाकात नथ. धाकूबाय केळीचं पान घेऊन आली. पानात तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, नि मसाल्यात माखलेली, लाल नांग्यांची भली मोठी चिंबोरी. खेकडा! धाकूबायनं पान थेट देवीपुढं ठेवलं.

कुणाला काही कळायच्या आत केराबाई आत धावली. "आगं ए, बाटवलीस की देवी!" म्हणत तिनं पान ओढलं. कालवण सारवलेल्या भुईवर सांडलं, चिंबोरी घरंगळत भिंतीशी गेली.

बाया तोंडावर पदर घेऊन उभ्याच राहिल्या. धाकूबायचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"केरा," ती हळूच म्हणाली, "माहेरा आलेल्या लेकीचे तोंडचा घास ओढलास तू?"

"आगं, पर देवीला... मासळी... वास येतोय न्हवं!"

"कोळ्याची लेक ती. तिला म्हावऱ्याचा वास येल? तिला चालत नाय, असा कुनी सांगला तुला?"

केराबाईला एकही नाव आठवेना. तशीच ती बाहेर पडली नि वाळूवर जाऊन बसली. आधी वाटलं, आपण बाटलो. मग वाटलं, आपल्या हातून देवीचा घास सांडला. आणि मग एकाएकी ते चिंचेनं सोललेले हात आठवले, तीस वर्षांचे, नि तिनं दोन्ही हात वाळूत खुपसले.

उन्हं उतरल्यावर धाकूबाय आली. हातात दुसरं पान. "सांडलास तू, आता वाढ पन तूच."

"माज्या हातानं?"

"मंग काय माज्या?"

केराबाईनं पान ठेवलं. नांगी दोनदा पानाबाहेर आली, दोनदा तिनं ती आत सारली. गवरीच्या तोंडावरची रेघ हलली नाही. रात्री प्रसादाची चिंबोरी फोडताना केराबाईला रडूही आलं नाही, तिनं शेवटची नांगीही सोडली नाही.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. दुर्गाच्या हातातली परात खाली पडली. "शिवशिव! तितली देवी येगळी आसंल, आत्या."

"आसंल की," केराबाई म्हणाली. हितल्या लक्ष्म्यांपुढं मासळी ठेवायचं तिच्या मनातही नव्हतं.

पण पुढच्या साली ती कुठं गेली नाही. पहाटे उठून तिनं पाटा ओढला नि पुरण वाटायला बसली. दुर्गा दारातच थिजली. "आत्या, बाया काय म्हनतील?"

"जिला वास यील ती उठंल."

पंगत बसली. कोणी वाटलंय हे कानोकान गेलं. पाच बायांतल्या दोघी पहिल्या घासालाच उठल्या. तिघी जेवल्या; त्यांतली काशम्मा, शेजारच्या विणकर आळीतली, आणखी एक पोळी मागून घेऊन जेवली. दुर्गा दिवाळीपर्यंत सासूशी धड बोलली नाही. कोंडीबा मात्र त्या रात्री आईजवळ येऊन बसला, नि वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या त्या प्रवासाचं विचारत म्हणाला, "आई, त्ये समुद्राचं पानी खरंच खारट आसतंय व्हय?"