साठं, साफा आणि जैसलमेरचं ऊन

जैसलमेरची हवेली मी आतून धड पाहिलेली नाही. तिच्या गच्चीवर मात्र मी दीड दिवस काठी घेऊन बसलो होतो.

सगळा दोष मळभाचा. मे महिन्यात आम्ही रत्नागिरीकर आंब्याचा रस ताटात पसरून उन्हात वाळवतो, त्याची साठं घालतो. आईने पाच ताटं घातली आणि नेमकं आभाळ भरून आलं! साठं वरून कोरडी, आतून लिबलिबीत. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला गाडीने राजस्थानला निघायचं होतं. (मे महिन्यात वाळवंट स्वस्तात दाखवतात. का, ते तिथे गेल्यावर कळतं.)

"ताटं शेजारी ठेवूया की," मी म्हटलं.

"आणि सुमीला काय सांगू?"

सुमी माझी धाकटी बहीण, बोरिवलीला असते. सातवा महिना, आणि डोहाळे एकच: आईच्या हातचं साठं! विकतचं तिला तोंडात धरवेना. परतताना तिच्याकडे उतरायचं होतं आणि "येताना साठं घेऊन येते गो बाय" असा शब्द आई देऊन बसली होती. झालं! ताटं गाडीत मागच्या काचेखाली बसली आणि तिथली बॅग माझ्या बायकोच्या, वैशालीच्या मांडीवर आली.

उदयपूरला तळ्यातला महाल बघून लोक हरखतात. आई म्हणाली, "चारी बाजूंनी पाणी! हितं काय वाळणार नाय." जोधपूरच्या किल्ल्यावर मात्र तिचा ऊर भरून आला. तोफा, तट, नक्षीचे झरोके, कशाकडे म्हणून तिने बघितलं नाही.

"काय ऊन रे हे! आणि सगळं फुकट जातंय! एवढ्या मोठ्या गच्च्या, पण एक पापड वाळत घातलेला नाय मेल्यांनी!"

त्याच जोधपूरला मी साफा घेतला. नऊ हात लांब, झगझगीत राणी रंगाचा.

"तुम्हाला कशाला हवाय?" वैशाली म्हणाली.

"टक्कल भाजतंय माझं!"

"पक्का रंग है साब," दुकानदाराने छातीवर हात ठेवला. "ज़िंदगीभर नहीं जाएगा!"

जैसलमेरला आम्ही उतरलो ते एका जुन्या हवेलीत. खोली बघायच्या आधी आई ताटं घेऊन थेट गच्चीवर! मागून धावत आलेल्या मॅनेजरच्या मिशा थिजल्या.

"माताजी, ये क्या है?"

"आंबा है, आंबा! सुकताय. तुम घाबरू नको!"

आता वाळवण म्हटलं की राखण आली. आमच्याकडे कोणीतरी काठी घेऊन बसतंच. "कावळे येतात," आई म्हणाली आणि काठी माझ्या हातात दिली.

"आई, इथे एकही कावळा नाही."

"मग जे काय असेल ते येईल. बस तू!"

दोघी हवेली बघायला गेल्या. मी साफा बांधून, काठी टेकून, घाम पुसत बसलो. खालून एकाने माझे फोटो काढले. एक बाई तर हात जोडून "खम्मा घणी" म्हणाली. मीही मिशी नसताना मिशीवर ताव दिला. ऊन असं रणरणतं, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साठं कडेने सुटायला लागली. सुमीचं काम झालं, मी मनात म्हटलं.

आणि आभाळ पिवळं झालं!

"साब! आंधी!" मॅनेजर खालून ओरडला.

समोरचा किल्ला बघता बघता गायब झाला. डोळ्यांत वाळू, नाकात वाळू. झाकू कशाने? मी डोक्यावरचा साफा ओढला, भराभरा सोडवला, चार ताटांवर पसरला आणि टोकांवर बसलो. तेवढ्यात आई धापा टाकत वर आली. दोरीवर वाळत टाकलेलं आपलं जुनं विटकं लुगडं तिने खेचलं आणि पाचव्या ताटावर घातलं. वर पावसाचे टपोरे थेंब आले. जैसलमेरला! मे महिन्यात! मी तर चाटच पडलो.

आंधी गेल्यावर मी मोठ्या ऐटीत साफा उचलला. चारही साठं राणी रंगाची! वरती ठिपक्यांची नक्षीसुद्धा उठली होती.

"मेल्या!" आईचा आवाज चिरका झाला. "पोटुशीला हे खायला घालू?"

एवढ्या लांबून सांभाळून आणलेलं सुमीचं साठं मी माझ्या हाताने रंगवलं होतं. आईने लुगडं उचललं. खालचं पाचवं ताट पिवळंधमक, कोरडं, खुटखुटीत! ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. मग डोळे पुसता पुसता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तिने तोंडावर हात मारला.

"अगो बाय! वैशाली, वर ये नि ह्याच्या टकलाकडे बघ!"

बोरिवलीला सुमीने दार उघडलं आणि माझ्याकडे बघून इतकी हसली, की तिच्या नवऱ्याने घाबरून खुर्ची आणली. खुर्चीत बसून, ते एकुलतं एक साठं चवीने चघळत ती माझ्याकडे बघत राहिली.

वाटभर मी त्या दुकानदाराला शिव्या घालत होतो, त्या आता परत घेतो. माणूस खरं बोलला होता. पाऊस सुरू झाला, सुमीला मुलगी झाली, बारसंही झालं, आणि बारशाच्या फोटोत बाळाच्या आत्याबाईंच्या शेजारी राणी रंगाने चमकतोय तो दिवा नाही, मी आहे.